संभाजीनगरात भाड्याचं घर शोधणाऱ्या जोडप्यांसाठी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नानंतर दोन महिन्यांनी आम्ही दोघं सेलू तालुक्यातून छत्रपती संभाजीनगरला आलो. नवऱ्याला वाळूजच्या कंपनीत नोकरी, मला जालना रोडवरच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये. पहिल्या दीड वर्षात आम्ही तीन घरं बदलली. तेव्हापासून गावाकडचं, नात्यातलं कुणी शहरात यायला निघालं की फोन मला येतो, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

शोध कुठून सुरू करायचा? आधी भाग ठरवायचा की भाडं?

आधी दोघांच्या कामाच्या जागा कागदावर लिहा. या शहराला कारखान्यांची दोन टोकं आहेत. वाळूज पश्चिमेला, नगर-पुण्याच्या रस्त्यावर. शेंद्रा पूर्वेला, जालन्याच्या रस्त्यावर. मध्ये चिकलठाण्याची जुनी एमआयडीसी. एक जण वाळूजला आणि दुसरा शेंद्र्याला असेल तर कुठंही घर घेतलं तरी एकाला लांब पडणारच. अशा वेळी ज्याची ड्यूटी रात्री सुटते किंवा ज्याला कंपनीची बस नाही, त्याच्या जवळ घर घ्या.

वाळूजच्या बऱ्याच कंपन्यांच्या बस शहरभर फिरतात. तुमच्या कंपनीची बस कोणत्या चौकात थांबते ते एचआरला किंवा जुन्या कामगारांना विचारा आणि त्या थांब्यापासून चालत दहा मिनिटांच्या आत घर बघा. आमचं तिसरं घर आम्ही असंच शोधलं.

मग कोणते भाग बघावेत?

दोघंही वाळूजकडे असाल तर बजाजनगर, सिडको वाळूज महानगर, रांजणगाव शेणपुंजी. कामगार वस्ती असल्यामुळे तिथं एका खोलीपासून वन बीएचकेपर्यंत सगळं मिळतं आणि मालकांना भाडेकरूंची सवय असते. शेंद्रा-चिकलठाण्याकडे काम असेल तर मुकुंदवाडी, चिकलठाणा आणि सिडकोचे एन सेक्टर. सिडको हा आखून वसवलेला भाग आहे. रस्ते सरळ, बाजार जवळ, म्हणून भाडंही थोडं चढं.

एकाचं काम शहरात आणि दुसऱ्याचं वाळूजला, ही आमची गोष्ट. अशांनी उस्मानपुरा, गारखेडा, स्टेशन परिसर आणि पैठण रोडवर इटखेडा-कांचनवाडी बघावं. कांचनवाडीकडून लिंक रोडने वाळूज गाठता येतं, छावणीतून जावं लागत नाही. हर्सूल, जाधववाडी आणि पडेगाव-मिटमिट्याकडे घरं मोठी आणि भाडी कमी असतात, पण तिथं राहायचं तर स्वतःची गाडी हवीच.

सातारा परिसर आणि देवळाईत नव्या इमारती खूप आहेत आणि फोटोत त्या छान दिसतात. तिकडचं घर पक्कं करण्याआधी पुढचा प्रश्न वाचा.

पाण्याबद्दल एवढं का विचारायचं? नळ असला म्हणजे झालं ना?

नाही झालं. आमच्याकडून सगळ्यात मोठी चूक इथंच झाली.

शहराला पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येतं. गोदावरीवरचा एवढा मोठा नाथसागर जवळ असूनही शहरात वर्षानुवर्षं नळाला रोज पाणी आलेलं नाही. ते काही दिवसांच्या अंतराने सुटतं, आणि हे अंतर भागागणिक वेगळं असतं. जुन्या जलवाहिन्या वाढत्या शहराला अपुऱ्या पडल्या, म्हणून २,५०० मिलिमीटर व्यासाच्या नव्या जलवाहिनीची योजना हाती घेतली गेली. योजना मोठी आहे आणि ती पूर्णपणे मार्गी लागावी असं मनापासून वाटतं. पण तुमच्या गल्लीत मागच्या महिन्यात नळ किती वेळा आला, हे शेजारच्या काकूच सांगू शकतील. म्हणून घर बघायला गेलात की मालकाला आणि शेजाऱ्यांना वेगवेगळं विचारा.

नळ किती दिवसांनी येतो आणि दिवसा की मध्यरात्री? पाणी आधी जमिनीखालच्या हौदात पडतं की थेट गच्चीच्या टाकीत? टाकी किती लिटरची आणि किती कुटुंबांत वाटलेली? बोअर आहे का, आणि एप्रिल-मेमध्ये त्याला पाणी राहतं का? टँकर लागला तर पैसे कोण देतं? मोटर कोण लावतं, तिचं बिल कोणाच्या मीटरवर येतं?

आमच्या पहिल्या घराच्या मालकांनी सांगितलं होतं, ‘पाण्याची काही अडचण नाही, बोअर आहे.’ ते खोटं बोलले नव्हते. डिसेंबर होता आणि बोअर खरोखर भरून चालत होती. मार्चच्या शेवटी ती आटली आणि चार बिऱ्हाडांनी मिळून टँकर घ्यायला सुरुवात केली. सातारा-देवळाईच्या बऱ्याच वसाहतींनी अनेक वर्षं बोअर आणि टँकरवरच काढली आहेत. म्हणून हिवाळ्यात घर बघत असाल तर उन्हाळ्याचं विचारा, आणि पावसाळ्यात बघत असाल तर दोनदा विचारा.

आणखी एक बघा. बोअरच्या पाण्याखाली बादली काही आठवडे राहिली की तिच्या कडेला पांढरा थर बसतो. न्हाणीघरातली बादली आणि नळाची तोटी बघितली की पाणी किती जड आहे ते कळतं. असं पाणी असेल तर प्यायला जार घ्यावा लागेल, म्हणजे तो खर्च भाड्यात धरा.

परवडणारं भाडं म्हणजे किती?

पगाराचा तिसरा हिस्सा, चौथा हिस्सा असं लोक सांगतात. आम्हाला तो हिशेब कामाला आला नाही. त्यापेक्षा घराचा पूर्ण खर्च मांडा. आमच्या वहीतला हिशेब देते.

दुसरं घर देवळाईच्या पुढे होतं. भाडं ६,००० रुपये. टँकरचा वाटा ९०० रुपये, जारचे ४५०, आणि दोघांच्या दोन गाड्यांचं पेट्रोल ३,६००. एकूण १०,९५० रुपये. नंतर गारखेड्यात ८,००० रुपयांचं घर घेतलं. पाणी भाड्यातच धरलेलं, मला कामावर जायला जवळ, नवऱ्याला बसचा थांबा कोपऱ्यावर. पेट्रोल २,२०० वर आलं. एकूण १०,२००. म्हणजे भाडं २,००० रुपयांनी वाढलं आणि महिन्याचा खर्च ७५० रुपयांनी उतरला. शिवाय माझा रोजचा जवळजवळ एक तास वाचला. त्या तासात मी संध्याकाळी स्वयंपाक घाई न करता करते.

भाव तुमच्या वेळी वेगळे असतील, पण बेरीज अशीच करा. भाडं, पाणी, वीज, जाणं-येणं, सोसायटी असेल तर मेंटेनन्स. या पाचांची बेरीज हेच तुमचं खरं भाडं.

एजंट घ्यावा का?

आधी स्वतः फिरा. रविवारी सकाळी गाडी काढा आणि ठरवलेल्या दोनच वसाहतींत गल्लीगल्लीने हिंडा. ‘भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या अजूनही गेटवर लावलेल्या असतात. किराणा दुकानदार, पिठाची गिरणी आणि इस्त्रीवाला, या तिघांना कुठलं घर रिकामं आहे आणि कुठला मालक कसा आहे हे नक्की माहीत असतं. आमचं तिसरं घर गिरणीतल्या मावशींनी सांगितलं.

वेळ नसेल तर एजंट घ्या. त्याची दलाली बहुधा एका महिन्याच्या भाड्याएवढी असते. ती आधी बोलून घ्या आणि करार झाल्यावरच द्या. घर दाखवण्याचेच पैसे मागितले तर त्याच्याबरोबर जाऊ नका.

मोबाइलवर घर आवडलं, मालक टोकन मागतोय. पाठवू का?

घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. एक फसवणूक देशभर चालते. समोरचा सांगतो की मी सैन्यात किंवा सुरक्षा दलात आहे, बदली झाली आहे, फ्लॅट माझाच आहे. तो ओळखपत्राचा फोटो पाठवतो आणि म्हणतो, ‘टोकन तुमच्या खात्यात परत जमा होईल, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करा.’ पैसे घेण्यासाठी कधीच कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर कराल तितकं परत मिळणं अवघड होतं.

डिपॉझिट किती द्यायचं?

छोट्या घरांना इथं दोन-तीन महिन्यांचं भाडं मागतात. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे. तो नमुना कायदा आहे आणि राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, पण बोलणी करताना आधाराला घेता येतो. रोख देऊ नका, खात्यावर पाठवा. पाठवताना ‘घर डिपॉझिट’ असा शेरा टाका.

पितृ पंधरवड्यात पुष्कळ लोक नव्या घरात जात नाहीत. त्या पंधरा दिवसांत रिकाम्या घराचा मालक जरा सैल होतो. तुमच्या घरच्यांची हरकत नसेल तर तेव्हा बोलून ठेवा.

स्टॅम्प पेपरवर नुसतं नोटरी केलं तर चालतं का?

पुष्कळ जण तसंच करतात. पहिल्या घराला आम्हीही केलं होतं. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा) करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. अकरा महिन्यांचा असला तरी हा नियम लागू आहे. नोंदणी करणं ही घरमालकाची जबाबदारी. ती केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि नोंदणीकृत करार नसताना वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. मालकांना हे शांतपणे सांगा. आमच्या आत्ताच्या मालकांना ही शेवटची गोष्ट समजली आणि त्यांनी स्वतःहून नोंदणीची तारीख घेतली.

खर्चाची भीती बाळगू नका. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या दहा टक्के दराने धरलेल्या वार्षिक व्याजावर ०.२५ टक्के असतं. समजा भाडं ८,०००, मुदत ११ महिने, डिपॉझिट २०,०००. भाडं झालं ८८,०००, त्यात व्याजाचे २,००० मिळवले की ९०,०००, आणि त्याचे ०.२५ टक्के म्हणजे २२५ रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये आणि ग्रामीण हद्दीत ५००. वर ऑनलाइन हाताळणी शुल्क आणि करार करून देणाऱ्याची मजुरी. आधार, अंगठ्याचा ठसा आणि फोटो यांवर हे काम घरबसल्या होतं. खर्च निम्मा-निम्मा वाटून घेण्याची पद्धत चांगली.

करारात दोघांचीही नावं घाला. घर बहुतेक वेळा नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर होतं आणि बायकोकडे पत्त्याचा एकही कागद राहत नाही. मला बँकेत आणि आधारचा पत्ता बदलताना याचाच त्रास झाला. नोंदणीकृत करार आधारवरचा पत्ता बदलायला चालतो, पण त्यात तुमचं नाव हवं.

आणि हे मुद्दे लिहून घ्या : पाणी आणि टँकरचा खर्च कोणाकडे, वीज कोणत्या दराने, घर सोडायची सूचना किती दिवसांची (एक महिना बरा), मुदतीआधी सोडलं तर काय, रंगाचे पैसे कापणार का आणि किती, डिपॉझिट किती दिवसांत परत.

वीजबिलात काय बघायचं?

स्वतंत्र मीटर असलेलं घर मिळालं तर उत्तम. बऱ्याच ठिकाणी महावितरणचं एकच मीटर असतं आणि मालक प्रत्येक खोलीला सबमीटर लावतात. घरगुती विजेचा दर टप्प्यांनी चढतो : १०० युनिटपर्यंत कमी, १०१ ते ३०० ला जास्त, त्यापुढे आणखी. चार बिऱ्हाडांची वीज एकाच मीटरवर मोजली की तुम्ही ८० युनिट जाळले तरी दर वरच्या टप्प्याचा पडतो. म्हणून युनिटचा दर आधी ठरवा. राहायला गेलेल्या दिवशी मीटरचा फोटो काढून मालकांना पाठवा.

आडनाव, जात, खाणं-पिणं विचारतात. काय सांगायचं?

विचारतात, हे खरं आहे. ‘तुम्ही कोणाचे?’ इथून सुरुवात होते. आंतरजातीय लग्न केलेल्या माझ्या मैत्रिणीला सात घरांनी नकार दिला, तिघांनी तर चहा पाजून दिला. हे चूक आहे. ज्या विद्यापीठाच्या नामांतरासाठी या मराठवाड्याने एवढं सोसलं, त्याच शहरात घर देताना आडनाव चाळलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

तरी घर तर हवं असतं. खोटं सांगून राहायला जाऊ नका, रोज धास्तीत राहावं लागतं. मटण-अंडी चालतात का, हे फोनवरच विचारा, म्हणजे फेरी वाचते. आईवडील, दीर-नणंद अधूनमधून येऊन राहतील हेही आधी सांगा. लग्नाची नोंदणी करून प्रमाणपत्र जवळ ठेवा. नवीन जोडप्याला, विशेषतः घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलेल्यांना, त्याचा आधार होतो. नोकरदार भाडेकरूंची वस्ती आणि मोठ्या इमारती, जिथं मालक त्याच आवारात राहत नाही, तिथं ही चौकशी कमी होते. माझ्या मैत्रिणीला घर शेवटी बजाजनगरात मिळालं.

नवऱ्याची रात्रपाळी असते. बायकोने एकटीने राहायचं, तर काय बघावं?

घर रात्री नऊनंतर एकदा बघून या. गल्लीतले दिवे लागतात का, कोपऱ्यावर कोण बसलेलं असतं, शेवटची रिक्षा कुठवर येते, हे दिवसा कळत नाही. मालक किंवा दुसरं कुटुंब त्याच इमारतीत असेल तर मला बरं वाटतं. संडास-न्हाणी घरातच हवी. सामाईक असेल आणि जिन्याखाली असेल तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. दाराला आतून दुसरी कडी बसवायची परवानगी आधीच घ्या.

वरचा मजला घ्यावा की खालचा?

वरच्या मजल्याचं भाडं कमी सांगतात, त्याचं कारण मे महिन्यात समजतं. चाळीसच्या वर पारा गेला की तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत उष्णता सोडत राहतो. पत्र्याच्या खोलीत तर दुपारी थांबताच येत नाही, आणि रात्रपाळी करून आलेल्या माणसाला झोपायला दुपारच मिळते. कूलर लावाल तर त्यालाही रोज पाणी लागतं. पश्चिमेची भिंत उघडी नसलेला मधला मजला मिळाला तर दोन-तीनशे जास्त द्या.

गॅस आणि रेशनचं काय?

गावचं गॅस कनेक्शन तिथल्या एजन्सीत जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या, इथं नवीन एजन्सीत ते चालतं. तोवर पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. ‘एक देश, एक रेशन कार्ड’मुळे गावच्या कार्डावर इथल्या दुकानातही धान्य घेता येतं, फक्त आधार जोडलेला हवा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते. ती मालकांनी द्यावी, आणि दिल्याची पोच तुम्हीही मागून ठेवा.

मालक मध्येच ‘घर रिकामं करा’ म्हणाले किंवा पाणी बंद केलं तर?

आधी बोला. सोबत एखादं वडीलधारं माणूस न्या. बहुतेक भांडणं मोटर आणि पार्किंगवरून असतात आणि बसून मिटतात. पण घर रिकामं करून घेण्यासाठी भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडायला भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ मनाई करतं. भाड्याची पावती देणं हेही मालकाचं कर्तव्य आहे. तुमच्या बाजूनेही एक लक्षात ठेवा. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर करार न वाढवता राहिलात, तर कलम २४ प्रमाणे भाड्याच्या दुप्पट रक्कम मागितली जाऊ शकते. मुदत संपायच्या महिनाभर आधीच विषय काढा.

डिपॉझिट पूर्ण परत मिळेल ना?

पहिल्या घराच्या वेळी आमचे रंगाचे म्हणून ४,००० रुपये कापले गेले. भिंतींची ओल आम्ही यायच्या आधीपासूनची होती, पण आमच्याकडे त्याचा पुरावा नव्हता. आता राहायला जायच्या दिवशी मी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढते. भिंती, नळ, खिडकीच्या काचा, सिंकखालची ओल, सगळं घेते आणि त्याच दिवशी मालकांना पाठवते. तिसऱ्या घरात आल्यापासून मन निर्धास्त आहे.

लातूर किंवा नांदेडला जाणार असू तर हेच चालेल का?

कायद्याचा भाग तोच. लातूरला मात्र अकरावी-बारावी आणि नीटच्या विद्यार्थ्यांमुळे शिकवण्यांच्या भागातल्या खोल्या माणशी दराने जातात, म्हणून जोडप्याला तिथं घर महाग पडतं. थोडं लांब बघा, आणि जून सोडून बघा. पाण्याची चौकशी तिथंही तितकीच करा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. नांदेडलाही शिकवण्यांची गर्दी वाढली आहे, तोच अंदाज धरा.

पहिल्या फेरीत गावाहून सामान किती आणावं?

दोन गाद्या, कुकर, तवा, चार भांडी, दोन महिन्यांची ज्वारी आणि डाळ. कपाट-पलंग आणू नका. पहिलं घर टिकेलच असं नाही, आणि टेम्पोचं भाडं दर वेळी द्यावं लागतं. झाकणाचा दोनशे लिटरचा निळा ड्रम मात्र पहिल्याच दिवशी घ्या, आणि तो न्हाणीच्या दारातून आत जातो का ते मोजून घ्या.